सोबतीची पाळी

बाहेर जेवायला गेले की मी भराभर खाते. माझी मुलगी यावरून मला चिडवते. इंदूरच्या विजय नगरात तिच्या ऑफिसजवळ दर महिन्याला काहीतरी नवीन निघतं, मंद दिवे, परातीएवढ्या बशा आणि त्यात चिमूटभर खाणं, आणि मी आपली पाणी यायच्या आधीच वेटरला विचारते, "किती वेळ लागेल हो?" "आई, गाडी पकडायची आहे का तुला?" ती म्हणते. मी म्हणते, हो बाई, पकडायची आहे. खरं कारण सांगायला बसले तर तिचं जेवण गार होईल, म्हणून ते इथे लिहून ठेवते.

आमची मिल बंद पडली तेव्हा मी अकरावीत होते. ती का बंद पडली, दिल्लीत काय ठरलं, कोणाचं चुकलं हे लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. मला आठवते ती शांतता. भोंगा गेला आणि चाळीचं घड्याळच गेलं. दूध कधी तापवायचं, डबा कधी भरायचा, पोरांना कधी दटावायचं, सगळं त्या भोंग्यावर चालायचं. माझे बाबा सुताच्या खात्यात होते. तिथे यंत्रांचा एवढा गोंगाट की माणसं ओठ आणि हात हलवूनच बोलायची, आणि ती भाषा आमच्या घरातही आली होती. चाळीच्या टोकाला बाबा दिसले की आधी उजवा तळहात वर करायचे आणि मग तोच हात छातीवर ठेवायचे. म्हणजे, "थांब, मी येतोय." खात्यात पलीकडच्या माणसाचा धागा तुटला की त्याला हीच खूण करायची, मग तो यंत्राला हात न लावता वाट बघायचा. आई खिडकीतून मान हलवायची आणि तवा चुलीवर टाकायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच आईबाप असे बोलतात.

मिल गेल्यावर ती खूण गेली, कारण बाबा कुठून येणारच नव्हते. ते घरातच होते. सगळ्याच घरातले पुरुष घरात होते. दिवसाढवळ्या एवढे पुरुष चाळीत बघायची कोणाला सवय नव्हती. ते ओट्यांवर बसायचे, बिडी ओढायचे, मिलच्या बंद फाटकापर्यंत जाऊन उगाच परत यायचे. बाबा आधी मोठ्यानं बोलायचे, कान गेलेल्या माणसासारखे. आता त्यांचा आवाज इतका खाली आला की आई दोनदा विचारायची, "काय म्हणालात?" आणि ते म्हणायचे, "काही नाही." हे "काही नाही" मला फार भीती घालायचं.

मग शिंदेकाका गेले. आमच्यापासून तिसरं घर. त्यांनी स्वतःच स्वतःचं बरंवाईट करून घेतलं, याहून जास्त मी लिहिणार नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी पोरांना पोहे-जलेबी खाऊ घातली होती, आम्हालाही दिली होती. शिंदेकाकू बोलायला लागल्या तेव्हा पुन्हापुन्हा तेच सांगत होत्या. "किती दिवसांनी हसले गं. गुळगुळीत दाढी केली, लग्नातला शर्ट घातला. धाकट्या भावाशी बोलत नव्हते ना, त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. मला वाटलं, चला, सुटले एकदाचे दुःखातून."

माझी आई चाळीतल्या बायकांची पुढारी. शिकलेली चौथीपर्यंतच, पण माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, महूच्या पलटणीत हवालदार होते आणि ती हवालदारी तिच्यात पुरेपूर उतरली होती. शिंदेकाकांचे दिवस झाल्यावर तिनं बायकांना आमच्या घरी बोलावलं, दार लोटून घेतलं आणि बुद्धाच्या तसबिरीखाली बसून सांगितलं, "नवरा रडत असेल तर घाबरू नका. हसायला लागला तर घाबरा. दाढी केली, चांगले कपडे घातले, जुनं भांडण मिटवायला निघाला, पोरांना खाऊ घालायला लागला, तर त्याला एकटं सोडायचं नाही. आजपासून कोणत्याच घरातला माणूस एकटा बाहेर जाणार नाही. सोबत जाईल. लेकरू जाईल, नाहीतर शेजारीण जाईल. आणि त्याला कळू द्यायचं नाही." कोपऱ्यातून मथुरामावशी म्हणाली, "यांना कळलं तर मारतील आपल्याला." मथुरामावशी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची आणि नळावरच्या कुठल्याशा भांडणावरून आईशी तिचा वर्षानुवर्षं अबोला होता. आईनं तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं, "मारू देत की. मारायला जिवंत तर राहतील."

अशी सोबतीची पाळी सुरू झाली. बायका नळावर एकमेकींना विचारायच्या, "आज तुमच्याकडे सोबतीला कोण?" जणू दळणाचा डबा कोण नेणार ते विचारताहेत. आमच्या घरी मी एकुलती एक, त्यामुळे बाबांची सोबत माझ्याकडे. ते फाटकाकडे निघाले की मला वही आणायची असायची. ते जुनी इंदूरला आत्याकडे निघाले की मला आत्याची आठवण यायची. कॉलेजात जीव लागेना. तासाला बसले की शिंदेकाकांचा तो शर्ट डोळ्यापुढे यायचा, मग मी पोट दुखतंय म्हणून पळत घरी यायची आणि ओट्यावर बाबांची चप्पल दिसली की मगच पुस्तकं खाली ठेवायची. रात्रीही मी त्यांचा श्वास ऐकत पडून राहायची. भीती म्हणजे काय हे मला पुढे बाळंतपणात कळलं नाही की नवऱ्याच्या आजारपणात कळलं नाही. ते मी त्या वर्षीच शिकून बसले होते.

आता वामनकाकांच्या ताबेर्नाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच सुरू झालं. वामनकाका महूचे, आमच्यातलेच, आईच्या दूरच्या नात्यातले. तरुणपणी जहाजावर आचारी म्हणून गेले आणि स्पेनमधल्या कुठल्याशा बंदरात उतरले ते तिथल्या एका गल्लीतल्या खानावळीत कैक वर्षं राबले. बायको वारली तेव्हा परत आले, आणि मिलच्या फाटकासमोर एक गाळा घेऊन तिथे तसलीच खानावळ काढली. पाटीवर रंगाऱ्यानं लाल अक्षरांत लिहिलं होतं, "ताबेर्ना – स्पेनी खाना". देशात सगळं परदेशी यायला लागलं होतं, केबलवर नवे चॅनल, दुकानात नवी बाटली, तसं आमच्या मोहल्ल्यात हे आलं. दारूचं लायसन काही मिळालं नाही, म्हणून काका तिकडच्या वाइनऐवजी जांभळाचं सरबत करून त्यात संत्र्याच्या फोडी सोडायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटून पी भिया, तेच आहे."

तिथे खुर्च्या थोड्याच. लांब फळी होती आणि तिच्याशी उभं राहून खायचं. लहान लहान बशा मध्ये ठेवायच्या आणि सगळ्यांनी त्यांतूनच खायचं, ज्याला जे आवडेल ते उचलायचं. आमच्या मोहल्ल्यात आमचे लोक आणि दुसरे लोक एकाच बशीत हात घालतात हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. वरच्या आळीतले दोघेतिघे आधी दाराशीच घुटमळले, मग तळलेल्या लसणाचा वास आला आणि आत शिरले. हात पुसलेला कागद खाली जमिनीवरच टाकायचा असा तिथला रिवाज. ते ऐकून आई म्हणाली होती, "बाई, एवढ्या लांब जाऊन हे शिकून आला!" बटाटे-कांद्याचं जाडजूड ऑम्लेट, पालकात शिजवलेले काबुली चणे, टमाटा आणि लसूण चोळलेला भाजका पाव. इंदूरची माणसं ती, पहिल्याच दिवशी ऑम्लेटवर शेव मागितली. "वामन भिया, जीरावन नाही क्या?" काका कपाळाला हात लावायचे. आठवड्याभरात फळीवर जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, डबी आली ती कायमची.

तो दिवस हिवाळ्यातला. मी कॉलेजातून आले तर बाबा आरशापुढे उभे. दाढी केलेली, गालावर तुरटीचा पांढरा डाग. खाटेवर इस्त्री केलेला तो निळा शर्ट, जो ते फक्त लग्नाकार्यात घालायचे. माझ्या हातातली पुस्तकं खाली पडली. बाबा वळून हसले. "काय गं सुमे, भूत पाहिलंस का? चल, तोंड धू. आज आपण वामनकडे जेवायला जाऊ. मी आणि तू."

मी आईकडे पाहिलं. तिनंच सांगितलेल्या सगळ्या खुणा तिच्यासमोर उभ्या होत्या आणि ती शांतपणे माझ्या वेणीला रिबन बांधत होती. मला वाटलं तिला कळलंच नाही. मी हळूच पुटपुटले, "आई, शर्ट बघ ना." तिनं माझी वेणी खांद्यावरून पुढे घेतली, नीट केली आणि म्हणाली, "छान दिसतोय. जा. पोटभर खा, आणि सावकाश या." मला तिचा राग आला. त्या महिन्यात ती तशीही चमत्कारिक वागत होती. मला जवळ बसवून वरणाला फोडणी कशी द्यायची, पीठ किती सैल भिजवायचं ते शिकवत होती, आणि मी "अभ्यास आहे ना" म्हणून किरकिरत होते. तिची काठाची साडीही तिनं आत्याला देऊन टाकली होती. पण माझं सगळं ध्यान बाबांकडे होतं. सोबत त्यांची होती ना!

ताबेर्नात गर्दी होती, टीव्हीवर मॅच लागलेली. बाबांनी फळीचं भिंतीकडचं टोक धरलं आणि मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. त्यांनी ऑम्लेट मागवलं, चणे मागवले, पाव मागवला. "तुला काय पाहिजे ते सांग. आज नाही म्हणायचं नाही." शिंदेकाका पोरांना असंच म्हणाले असतील. वामनकाकांनी एक बशी आणून ठेवली, तेलात तळलेल्या अख्ख्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ. "ही खास तुमच्यासाठी. तिकडे हिचा मोठा शौक. सगळ्या गोड असतात, एखादीच जहाल. दिसायला सगळ्या सारख्या, बरं का. खाल्ल्याशिवाय कळत नाही." बाबांनी एक उचलली, चावली, आणि काहीच झालं नाही म्हणून मोठ्यानं हसले. किती महिन्यांनी मी ते हसू ऐकलं! आणि ऐकून मला रडू फुटलं.

"अरे, अरे! काय झालं? तिखट लागली का?"

मी तर मिरचीला हातही लावला नव्हता. त्यांची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही शिंदेकाकांसारखं करू नका ना."

टीव्हीवर कोणाचा तरी चौका गेला, आजूबाजूचे लोक ओरडले. बाबांनी हातातली मिरची बशीत ठेवली आणि माझं डोकं छातीशी धरलं. शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. "वेडी आहेस का गं? म्हणून माझ्यामागं मागं फिरतेस होय? मला वाटलं, पोरीला बापाचा लळा लागला या वयात." मग हळू आवाजात म्हणाले, "आलं होतं मनात. एकदा आलं होतं, खोटं नाही सांगत. पण आता नाही. वामन म्हणतोय, उद्यापासून इथंच ये भट्टीवर, हाताखाली माणूस पाहिजे मला. घरी जाऊन तुझ्या आईला सांगणार होतो."

"मग दाढी का केली?"

"आई म्हणाली कर. किती दिवस असं भुतासारखं राहणार, म्हणाली."

"आणि शर्ट?"

"तिनंच काढून दिला. इस्त्रीपण तिनंच करून आणली कुठून तरी."

"इथे यायचं कोणी ठरवलं?"

"तीच की. मी म्हटलं तिघं जाऊ, तर नको म्हणाली, डोकं दुखतंय. पोरीला घेऊन जा, पोटभर खा, सावकाश या. आज खूश होती गं तुझी आई. सकाळी मथुराबाईकडे स्वतः गेली, चहा पिऊन आली. मी म्हटलं, चला, मिटलं एकदाचं यांचं..."

ते बोलता बोलता थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि ते माझ्या. अख्ख्या चाळीनं पुरुषांवर पहारे बसवले होते. आईजवळ कोण होतं?

मला फक्त एवढं आठवतं की वामनकाका मागून ओरडले, "अरे, भरल्या ताटावरून उठू नये! काय झालं?" आणि आम्ही पळत होतो. मिलच्या भिंतीला लागून रस्ता, तिथे दिवे नुकतेच लागले होते. बाबा पुढे, मी मागे, चप्पल कुठे पडली कोण जाणे. पळताना मी कसलीतरी वचनं देत होते, फोडणी शिकेन, पीठ मळेन, किरकिर करणार नाही, असलं काहीबाही. कोणाला सांगत होते देव जाणे, आमच्या घरात तर देव नव्हता.

दिवेलागणीला चाळीत कोणाचं दार बंद नसतं. आमचं बंद होतं. शेजारच्या ओट्यावर मथुरामावशी मेथी निवडत बसली होती. "अगं, हळू. झोपलीय ती, डोकं दुखतंय म्हणाली. उठवू नका म्हणालीय." बाबांनी दारावर हात मारला. "रमा! रमा, दार उघड!" आतून काही नाही. त्यांनी खांदा लावला. कडी आतून होती. मथुरामावशीच्या मांडीवरची मेथी खाली सांडली, तिलाही आता कळलं.

बाबा खिडकीकडे धावले. खिडकीला गज होते, आत अंधार, पण आई दिसत होती. खोलीच्या मधोमध उभी, आमच्याकडे पाठ. बाबा हाक मारत होते आणि ती ऐकत नव्हती, म्हणजे ऐकू जात असूनही ऐकत नव्हती. मग ती जरा वळली, बहुधा मी "आई" म्हणून किंचाळले त्यामुळे. बाबांचा आवाज एकदम बंद झाला. त्यांनी उजवा तळहात वर केला, गजाला लावला, आणि मग तोच हात छातीवर ठेवला. पुन्हा वर. पुन्हा छातीवर. थांब. मी येतोय. थांब, मी येतोय.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग जुन्या सवयीनं तिनं मान हलवली आणि येऊन कडी काढली.

"इतक्या लवकर आलात?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. बाबा उंबऱ्यावरच बसले आणि त्यांनी तिचे पाय धरले, सगळ्या चाळीसमोर, आणि ढसाढसा रडले. आई रडली नाही. मथुरामावशीनं आत जाऊन दिवा लावला, खोलीभर एक नजर फिरवली, पदराआड काहीतरी घेतलं आणि बाहेर निघून गेली. ते काय होतं हे तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

थोड्या वेळानं वामनकाका आमच्या बशा फडक्यात बांधून घेऊन आले. बाबांनी त्या जमिनीवर मध्ये ठेवल्या आणि चणे-पालकाचा घास पावावर घेऊन आईपुढे धरला. तिनं खाल्ला. मग म्हणाली, "मीठ कमी आहे." तेव्हा कुठे मी माझा घास उचलला.

पुष्कळ वर्षांनी, मला मुलगी झाली आणि आई माझ्याकडे येऊन राहिली, तेव्हा एका दुपारी मी तिला विचारलं. ती बाळाच्या टाळूवर तेल थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दमले होते गं. दिवसभर यांच्याकडे बघा, त्यांच्याकडे बघा, कोणाची चप्पल कुठे आहे बघा. रात्री झोप नाही. सगळ्यांच्या पाळ्या लावल्या मी. माझं नाव घालायचं राहिलं." एवढं बोलून ती बाळाशी बोबडं बोलायला लागली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळनंतर मथुरामावशीचा पापडाचा पाट आमच्या ओट्यावर आला तो तिथेच राहिला. दोघी भांडायच्या पुन्हा, नळावरूनच, पण एकमेकींजवळ बसून. बाबा भट्टीवरून मधल्या वेळात घरी यायचे, लसणाचा वास घेऊन, आणि आईबरोबर नळावर जायचे. पुरुष हसायचे, "काय भिया, बायकोची हंडी उचलतो क्या?" बाबा म्हणायचे, "हो. माझी पाळी आहे." आई खूप जगली. बाबांनंतरही जगली.

माझी मुलगी आता विजय नगरातच एकटी राहते, फ्लॅटमध्ये, तेराव्या मजल्यावर. गेल्या आठवड्यात मी एका लग्नाच्या पंगतीत होते आणि तिचा फोन आला. म्हणाली, जरा बरं वाटत नाहीये, डोकं दुखतंय, पण काळजी करू नकोस. "तू नीट जेव, आई. सावकाश ये." डोकंच दुखत होतं तिचं, दुसरं काही नव्हतं, जाऊन बघितलं तर चहा पीत टीव्ही बघत बसली होती आणि मला वेड्यात काढलं. काढू दे. भरल्या ताटावरून उठू नये म्हणतात. मी उठते.